ऐकणाऱ्याचे श्रेय

श्रीधर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘प्यार किए जा’ (१९६६) या हिंदी बोलपटात एक प्रसंग आहे. बोलपट काढण्याच्या वेडाने झपाटलेला एक तरुण आपल्या धनिक पित्यासमोर बसून आपल्या नियोजित चित्राची भयकथा सांगतो. हेतू उघड आहे. वडिलांनी थैलीचे तोंड सोडावे. मुलाच्या भूमिकेत मेहमूद आहेत आणि पित्याच्या भूमिकेत ओमप्रकाश. मेहमूद काळोख उभा करतात, दार करकरवतात, वारा घोंघावतो, पावले वाजू लागतात. आणि हे सारे केवळ तोंडाच्या व हातांच्या बळावर. ओमप्रकाश यांच्या वाट्याला या प्रसंगात शब्द जवळजवळ नाहीत. ते ऐकतात. आरंभी पोराच्या खुळाला हसण्याची तयारी, मग किंचित उत्सुकता, मग आवंढा, मग मागे वळून पाहण्याची इच्छा आणि ते धैर्य न होणे, असे एकेक भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटत जातात. सभागृहातील प्रेक्षक हसत असतो तो कथेला नव्हे. कथेत तर हसण्यासारखे काहीच नसते. तो हसतो त्या ऐकणाऱ्या चेहऱ्याकडे पाहून. मेहमूद यांच्या कथनातील भय खरे आहे की खोटे, याचा पुरावा पडद्यावर एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे ओमप्रकाश यांचे डोळे.

फिल्मफेअर नियतकालिकाने विनोदी भूमिकेसाठी निराळे पारितोषिक देण्यास पुढल्याच वर्षी आरंभ केला आणि ते पहिले पारितोषिक याच भूमिकेबद्दल मेहमूद यांना मिळाले. ते अयोग्य होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो प्रसंग पुन्हा पाहताना प्रत्येक वेळी माझ्या मनात एक प्रश्न डोकावतो, आणि तो बोलपटांपुरता मर्यादित नाही म्हणूनच येथे मांडण्याचे धाडस करीत आहे. जे कर्म दोघांवाचून घडूच शकत नाही, त्याचे श्रेय एकाच्या पदरात कसे पडते? पडले तर त्याने त्याचे काय करावे? ज्याच्या पदरात ते पडले नाही, त्याने काय करावे? आणि टाळ्या वाजविणारे जे आपण, त्या आपल्याकडे या हिशेबात काही देणे निघते की नाही?

धर्माधर्माच्या विचारासाठी बोलपटातील नटांचे उदाहरण घ्यावे, हे कित्येकांना रुचणार नाही. त्यांस एवढेच सांगावेसे वाटते की, आपली नाटके वाढली ती देवळांच्या प्रांगणात. पालखी चौकात विसावल्यावर मध्यरात्री पडदा वर जाई आणि भैरवीच्या वेळी पूर्वेला तांबडे फुटे. नट हा आपल्याकडे देवाच्या दारातलाच माणूस आहे. शिवाय, इतर कामांत कोणाचा हात किती हे पाहणे दुरापास्त असते. येथे सारे डोळ्यांसमोर, आणि पुन्हा पुन्हा पाहता येईल असे, टिपून ठेवलेले आहे. न्यायाच्या कामाला इतका चोख साक्षीदार क्वचितच लाभतो.

प्रथम हिशेबाची खोली पाहू. मेहमूद आणि ओमप्रकाश यांच्यात श्रेय अर्धे अर्धे वाटले म्हणजे न्याय झाला काय? ‘प्यार किए जा’ हे श्रीधर यांच्याच ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ चित्रपटाचे हिंदी रूप होय. तेथे हाच प्रसंग नागेश सांगतात आणि बालैया ऐकतात. म्हणजे मुंबईच्या दोघांच्या पाठीशी मद्रासचे दोघे उभे आहेत, त्यांच्या पाठीशी लिहिणारा, त्याच्या पाठीशी लहानपणी त्याला भुतांच्या गोष्टी सांगणारी कोणी आजी असेल. धागा ओढावा तितका लांबत जातो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी शुद्ध नाही, असा तेथील अभिप्राय आहे. कीर्तनात आपण हे अनेकदा ऐकतो आणि वैराग्याचा विषय म्हणून मान डोलावतो. वस्तुतः तो जगातल्या कोणत्याही कामाचे जसेच्या तसे वर्णन आहे. कॅमेऱ्यासमोरच्या त्या चार मिनिटांत अधिष्ठान आहे, साधने आहेत, चेष्टा आहेत; दिवस चांगला उजाडला, फीत खराब झाली नाही, कोणाला खोकला आला नाही, हे दैव आहे. कर्ता हा पाचातला एक. पारितोषिकाची बाहुली मात्र एकाच हातात मावते.

भरतमुनींची दृष्टीही याहून वेगळी नाही. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, असे नाट्यशास्त्र सांगते. रस नायकात असतो असे ते म्हणत नाही. तो संयोगात असतो. मेहमूद एकटे त्या खोलीत बसून तीच कथा सांगत असते तर तिला हास्यरस प्राप्त झाला नसता. आणि समोर काहीच नसताना ओमप्रकाश घाबरले असते तर आपण त्यांना वैद्याकडे न्या म्हटले असते.

आता आपल्या अधिक जवळचे एक उदाहरण घेऊ. चिं. वि. जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करीत आणि तेथील संस्थानच्या दप्तरखान्याचेही काम त्यांनी पाहिले. जुन्या कागदपत्रांच्या सहवासात राहणाऱ्या या विद्वानाने चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडी मराठी वाचकाला दिली. मास्टर विनायक यांनी ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या बोलपटांतून ती पडद्यावर आणली. चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. हे दोघे त्याआधी ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या विनायकांच्याच चित्रातही होते. दामुअण्णांची दृष्टी तिरळी होती. ज्या व्यंगाने एखादा मनुष्य आयुष्यभर चारचौघांत मान खाली घालून बसला असता, तेच त्यांनी उघड्यावर मांडून लोकांना हसविले. ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) या चित्रपटात तर मुख्य भूमिकाच त्यांची होती. तरीही चिमणराव म्हटले की तो एकटा डोळ्यांपुढे येत नाही. बुजऱ्या, अशक्त, स्वतःविषयी भलताच समज बाळगणाऱ्या चिमणरावाला त्याचे बुजरेपण दाखविण्यासाठी शेजारी आडदांड गुंड्याभाऊ लागतो. गुंड्याभाऊंचे धैर्य चिमणरावांच्या भित्रेपणामुळे मोजता येते. पुढे १९७० नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनने हीच पात्रे घरोघर पोहोचविली तेव्हा दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. नट बदलले, काळ बदलला, पडदा लहान झाला. जोडी मात्र जोडीच राहिली. नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणून दोष देतात, तो येथे गुण होऊन बसला आहे.

याच चालीवर हिंदी पडद्यावरील आणखी एका त्रयीची आठवण होते. मराठी रंगभूमीवरून आलेले धुमाळ, पोहण्याच्या व सायकलीच्या शर्यती जिंकून ‘सीमा’ (१९५५) या चित्रपटातून पडद्यावर आलेल्या शुभा खोटे, आणि पुन्हा मेहमूद. ‘हमराही’ (१९६३), ‘जिद्दी’ (१९६४), ‘लव्ह इन टोकिओ’ (१९६६) इत्यादी चित्रांत हे तिघे एकत्र आले. बहुतेक वेळा मांडणी ठरलेली: धुमाळ बाप, शुभा खोटे त्यांची कन्या, आणि मेहमूद त्या कन्येसाठी बापाला चकविणारा. टीकाकारांनी या पुनरुक्तीची चेष्टा केली आणि ती अगदीच निराधार नव्हती. काही विनोद फार शिळे आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण पुनरुक्ती म्हणजे दारिद्र्य, हा समज देवळात जाणाऱ्या माणसाने तरी फार घाईने स्वीकारू नये. तीच आरती, तीच वेळ, तोच क्रम आपण रोज पाहतो. पुजाऱ्याने दररोज नवी पूजा रचावी असे कोणी म्हणत नाही. त्याने रोजची पूजा आज केल्यासारखी करावी, एवढीच अपेक्षा असते. दशावतारी काल्यातला संकासुर प्रत्येक गावी वेद चोरतो आणि प्रत्येक गावी विष्णूच्या हातून मरतो. मंडप खदखदून हसतो तो त्याच्या बोलण्याला. विष्णूचे भाषण कोणाला फारसे आठवतही नाही. तरी शेवटी हात जोडले जातात ते विष्णूला, आणि संकासुराचे सोंग घेतलेल्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही.

वाटत नाही, असे आपण समजतो. येथेच थांबून नीट विचार केला पाहिजे, कारण या समजुतीत आपली सोय फार आहे. त्याआधी मात्र सहभूमिकेची दुसरी, जरा भयंकर बाजू पाहणे प्राप्त आहे.

पडद्यावर दोघांनी एकत्र काम करणे म्हणजे एकमेकांच्या हाती आपला देह सोपविणे होय. ललिता पवार यांचा जन्म १९१६ सालचा, नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. मूकपटांच्या काळापासून त्या पडद्यावर होत्या आणि नायिकेच्या भूमिका करीत होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहनटाने त्यांना थोबाडीत मारावयाची होती. हात प्रमाणाबाहेर जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला, दीर्घ उपचार घ्यावे लागले, आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचे आयुष्य तेथे संपले. एका क्षणाच्या, द्वेषरहित, केवळ अंदाज चुकलेल्या हाताने एका स्त्रीच्या प्रारब्धाची दिशा बदलली. पुढे त्याच बारीक झालेल्या डोळ्याने देशभरच्या सुनांना धाक घातला. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ (१९८७) मालिकेत मंथरा कोणी व्हावे, हा प्रश्न जणू कोणाला पडलाच नाही. परंतु याच ललिताबाई हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’ (१९५९) या चित्रपटात मिसेस डिसा झाल्या आहेत. तोंडाने करवादणारी आणि पोटात माया असलेली ती ख्रिस्ती घरमालकीण ज्यांनी पाहिली असेल, त्यांना गोव्याकडच्या कितीतरी ओळखीच्या मायमाऊल्या आठवल्या असतील. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ‘साहाय्यक’ हा शब्द तेथे जसा आहे तसा ठेवतो. राज कपूर यांच्या भोळ्या नायकाला त्या घरात आई मिळाली नसती, तर त्याच्या भोळेपणाची कथा कोणाच्या काळजाला भिडली असती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सांगावयाचे ते हे की, श्रेयाप्रमाणे हानीही वाटली जात नाही. ती एकाच्याच देहावर उतरते. जेथे दोघे मिळून एक कर्म करतात तेथे दुसऱ्याचे अहित आपल्या हातात असते, आणि म्हणून सहकार्य हा सोयीचा व्यवहार न राहता धर्माचा विषय बनतो. हात किती जोरात उचलावा, हे जाणणे ही कला आहेच. ते जाणण्याची काळजी घेणे हे कर्तव्य आहे. ज्या नटाला आपल्या टाळीसाठी सोबत्याचे वाक्य अर्ध्यावर तोडण्याचा मोह होतो, त्याचाही हात तसाच सुटलेला असतो. इजा तेवढी दिसत नाही.

या मोहाच्या नेमक्या उलट उभे असलेले उदाहरण नटांचे नाही, गवयांचे आहे. पण ते बोलपटातलेच असल्यामुळे अस्थानी होणार नाही. ‘बसंत बहार’ (१९५६) या चित्रपटात दरबारातील गायनाची स्पर्धा आहे. कथेच्या गरजेप्रमाणे नायक जिंकावयाचा होता. नायकासाठी मन्ना डे गाणार होते, आणि हरणाऱ्या गवयासाठी गळा मागितला गेला तो पंडित भीमसेन जोशी यांचा. गदगच्या त्या घराण्यातून निघून, गुरूच्या शोधात वणवण करून, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या पायाशी बसून ज्यांनी विद्या मिळविली, त्यांनी चित्रपटातील नायकापुढे हरावयाचे. धास्तावले ते मन्ना डे. भीमसेनांना हरवावयाचे या कल्पनेने आपण कसे गांगरून गेलो होतो, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. भीमसेनजींनी मात्र हरणे स्वीकारले आणि ते पूर्ण गळ्याने गायिले. अर्धवट गाऊन हरले असते तर नायकाचा विजय खोटा ठरला असता. आपण हरणार हे ठाऊक असताना जो पूर्ण शक्तीने उभा राहतो, त्याने समोरच्याच्या जिंकण्याला किंमत आणून दिलेली असते. अशा हरण्याला काय म्हणावे, यासाठी माझ्यापाशी शब्द नाही. ‘त्याग’ म्हटले तर त्यात थोडा कढ येतो, आणि भीमसेनजींच्या गाण्यात कढ कोठेच नव्हता.

मेहमूद यांच्यावरही अन्याय होऊ नये. ‘पडोसन’ (१९६८) या चित्रपटाच्या निर्मात्यांत ते स्वतः होते. त्यात भोळ्या नायकाला गाणे येत नाही. खिडकीत उभा राहून तो ओठ हलवितो आणि मागे दडून त्याचा मित्र गातो. शेजारी राहणारा मद्रासी संगीतशिक्षक मात्र खरोखर गाणारा आहे. त्यांच्यात जुगलबंदी होते आणि खरे गाणारा हरतो. ही हरणारी, हास्यास्पद ठरणारी भूमिका मेहमूद यांनी स्वतःच्या चित्रपटात स्वतःकडे घेतली; दडून गाणाऱ्या मित्राची किशोरकुमार यांच्याकडे आणि नायकाची सुनील दत्त यांच्याकडे दिली. शिक्षकाचे गाणे पडद्यामागे पुन्हा मन्ना डे यांचेच. बारा वर्षांपूर्वी भीमसेनांपुढे जिंकताना घाबरलेला तोच गळा आता हरण्यासाठी गात होता. या कथेकडे विनोद म्हणून पाहावे, यात शंका नाही. पण थोडे थांबून पाहिले तर हिंदी बोलपटांचा सारा व्यवहारच त्या खिडकीत उभा आहे: ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा, आणि नायिका मोहित होते ती तिसऱ्याच समजुतीने.

आता त्या सोयीच्या समजुतीकडे वळू. मागच्या रांगेतल्या माणसाला श्रेयाची अपेक्षाच नसते, तो निष्काम असतो, त्याच्या निष्कामतेतच त्याचे मोठेपण आहे, असे आपण मोठ्या आदराने म्हणतो. हा उपदेश कोण कोणाला करतो, हे एकदा तपासून पाहावे. ज्याच्या गळ्यात हार पडला आहे तो, ज्याच्या गळ्यात पडला नाही त्याला. अर्जुनाला निष्काम कर्म सांगितले गेले तेव्हा अर्जुन सेनेच्या अग्रभागी, चार शुभ्र घोड्यांच्या रथात होता. आणि सांगणारा सारथ्याच्या जागी बसला होता, म्हणजे त्या रथातली दुय्यम भूमिका देवाने स्वतः घेतली होती. पायदळातल्या कोणाला बाजूला घेऊन, तू फळाची आशा धरू नकोस, असे सांगितल्याचा उल्लेख नाही. आम्ही मात्र नेमके तेच करीत आलो आहोत.

आमच्या गोमंतकातल्या देवळांचाच विचार करा. गायन, वादन व नर्तन यांची सेवा करणाऱ्या कलावंत स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या या देवळांचे उत्सव रंगविले. सभामंडपात बसून ज्यांनी ते गाणे ऐकले त्यांनी देवापुढे रसिक म्हणून मिरविले. महाजनांच्या यादीत त्या गाणाऱ्यांना स्थान नव्हते आणि मानपानाच्या क्रमात त्यांचा क्रमांक कोठला, हे सांगावयाचीही गरज नाही. त्यांनी काही मागितले नाही, म्हणून त्यांना काही द्यावयाचे नव्हते, हा युक्तिवाद किती काळ चालला! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो समाज स्वतःच संघटित झाला, मुलामुलींच्या हाती पाट्यापुस्तके देऊन त्याने आपली वाट बदलली, आणि त्या घराण्यांतून निघालेल्या सुरांनी पुढे सारा देश भारला. तेव्हा आम्ही अभिमानाने सांगू लागलो की ही आमच्या देवळांची देणगी. श्रेय घेण्याच्या बाबतीत आमची निष्कामता अशी अचानक गळून पडते.

म्हणून माझ्या मते या प्रश्नात एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. फलाशा सोडणे हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. एकादशीचा उपवास मी करू शकतो. शेजाऱ्याच्या पानातले अन्न काढून घेऊन त्याला एकादशी घडविली, असे म्हणू शकत नाही. ओमप्रकाश यांनी पारितोषिकाची खंत केली नाही तर तो त्यांचा मोठेपणा. आपण त्यांची आठवण ठेवली नाही तर तो आपला मोठेपणा होत नाही. ते आपल्याकडून राहून गेलेले देणे असते. आपल्या शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आणि कोठे कोठे मनुष्यऋणही सांगितले. या चौथ्याचा उल्लेख आपण सहसा विसरतो, बहुधा त्याची फेड श्राद्धाने वा दक्षिणेने होत नाही म्हणून.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाचे नाव घेत बसलो तर काम कधी होणार? नामावळी वाचण्यातच रात्र संपेल. आक्षेप खरा आहे. श्रेयाची वाटणी तराजूने करावयाची म्हटले तर धागा आजीपर्यंत जातो, हे मीच वर म्हटले. शिवाय पुढे कोणी तरी असावेच लागते. सगळेच टाळकरी झाले तर अभंग उचलावयाचा कोणी? देवळाच्या पालखीला पुढचे भोई व मागचे भोई असतात, आणि मागच्यांना समोरचे काही दिसत नाही, हे पालखीच्या रचनेतच आहे. तो अन्याय नव्हे. अन्याय तेथे सुरू होतो जेथे पुढचा भोई पालखी आपण एकट्याने आणली असे मानू लागतो, आणि बघ्यांनाही तसेच वाटू लागते. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी चोवीस तासांचे अखंड भजन सुरू होते. संध्याकाळी गाणाऱ्यांना अलोट गर्दी लाभते. उत्तररात्री तीन-साडेतीनच्या सुमारास ज्यांची पाळी येते त्यांच्यासमोर दोन-चार पेंगणारी माणसे असतात. पण ती पाळी कोणी घेतली नाही, तर संध्याकाळच्या भजनालाही ‘अखंड’ म्हणता येणार नाही.

ललिता पवार आणि ओमप्रकाश हे दोघेही १९९८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, थोड्याच दिवसांच्या अंतराने निवर्तले. धुमाळ त्याच्या आधीच, १९८७ साली गेले होते. मेहमूद २००४ साली गेले. त्यांनी केलेल्या कामांचे काय करावयाचे ते आता त्यांच्या हाती राहिलेले नाही. ते आपल्या हाती आहे.

हे सारे लिहिण्याचे एक खाजगी कारण आहे, आणि ते न सांगता लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत पौराणिक नाटक बसले होते. मी विंगेत पुस्तक घेऊन वाक्ये पुरविण्याच्या कामावर होतो. राजाच्या भूमिकेतला तरुण देखणा, आवाजाचा पक्का, गावाचा लाडका. तिसऱ्या अंकातल्या त्याच्या मुख्य भाषणात तो अडला. मी वाचले, पण झोपेने माझा स्वर इतका बसला होता की त्याला ऐकू गेले नाही. मंडपात चुळबूळ सुरू झाली. प्रधान झालेले साठीचे गृहस्थ त्या प्रवेशात एकही वाक्य नसल्यामुळे नुसतेच हात जोडून उभे होते. ते एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, “महाराजांच्या मनात जे आहे ते या सेवकाने ओळखले आहे,” आणि प्रश्न विचारण्याच्या मिषाने त्यांनी राजाच्या भाषणाचा आरंभ राजाच्या ओंजळीत ठेवला. राजा सावरला. पुढे तो असा तळपला की भाषणाच्या शेवटी लोकांनी नारळ फोडले. प्रधान पुन्हा हात जोडून आपल्या जागी जाऊन उभे राहिले होते.

पहाटे रंग उतरविताना राजाभोवती गर्दी होती. प्रधान एका कोपऱ्यात खोबरेल तेलाने तोंड पुशीत बसले होते. माझी चूक मला ठाऊक होती आणि त्यांनाही. मी जवळ जाऊन उभा राहिलो. काय बोलावे ते सुचेना. त्यांनी माझ्या हातातले पुस्तक मागून घेतले, पाने उलटून ते भाषण काढले, कानावरची पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीखाली एक रेघ ओढली, आणि पुस्तक परत देताना म्हणाले, “पुढल्या वर्षी इथं थोडं मोठ्यानं वाच हं, बाबा.” मग दाढीमिशांची पुरचुंडी बांधून, देवाला बाहेरूनच नमस्कार करून, ते शेताकडच्या वाटेने निघून गेले. दिवस उजाडला होता आणि त्यांचे नांगरट अर्धवट राहिले होते.